मागे चालणाऱ्यांची पुस्तके

वाचकाचे पत्र

बाई, सादर नमस्कार.

मी गोव्यातल्या माशेलचा. वय ३१. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत ब्लिस्टर पॅकिंगच्या लाइनवर काम करतो. वर्षापूर्वी सुपरवायझर झालो. हाताखाली १८ माणसे, त्यांतली निम्मी माझ्याहून वयाने मोठी. काम नीट जमावे म्हणून नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकासावरची पुस्तके वाचायला लागलो. वर्षभरात ४३ पुस्तके झाली. त्यांतले आवडलेले विचार रोज सकाळी लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि शिफ्ट सुरू होताना त्यांवर पाच मिनिटे बोलतो.

गेल्या महिन्यात एका बॅचच्या कार्टनचा हिशेब जुळेना. दोन कार्टन कमी. क्यूएने, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या विभागाने, बॅच अडवली, दोन दिवस चौकशी चालली. शेवटी कळले की बॅच बदलताना ती दोन कार्टन मशीनखाली पडलेली आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरना दिसली होती. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांनी ती उचलून गुपचूप भंगारात टाकली. मी विचारले, ‘मला का सांगितले नाही?’ तर म्हणाले, ‘सांगितले असते तर तू परत भाषण दिले असतेस.’ त्याच दिवशी समजले की माझ्या मागे मला ‘पुस्तकी पात्रांव’, म्हणजे पुस्तकी साहेब, म्हणतात.

घरी बायको म्हणते, ‘एवढ्या पुस्तकांत रेघा मारता, पण मी दिवसभर काय केले ते एकदाही विचारत नाही.’ इतके वाचून माझे चुकले कुठे? आणि आता पुढे कुठले पुस्तक वाचू?

बाईंचे उत्तर

चि. वाचकास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दुपारच्या टपालात आले. एकदा वाचून ठेवले आणि रात्री जेवणे झाल्यावर पुन्हा काढून बसले. तुझा दुसरा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी घेते. पुढचे दोन महिने नेतृत्वावरचे एकही नवे पुस्तक उघडू नकोस. का, ते पुढे येईल.

पण एक गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी. तुझे वाचन वाया गेलेले नाही. शिफ्ट करून, माशेल-कुंडई जाऊन-येऊन, वर्षाला ४३ पुस्तके वाचणारा मुलगा मला माझ्या सगळ्या नोकरीत क्वचितच भेटला. शिवाय नाना काय बोलले, बायको काय बोलली, हे तू एक शब्दही न लपवता मला लिहिलेस. दुखावलेला माणूस एवढे सरळ लिहीत नाही. तुझ्या हातून जे झाले ते माझ्याही हातून झाले होते, आणि माझ्या चुकीची किंमत तुझ्या दोन कार्टनांहून फार मोठी होती. ती हकिगत सांगते.

१९८९ साली मी सत्तरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका झाले. वय ३८. शिक्षकवर्गात बहुतेक जण माझ्याहून मोठे. धीर यावा म्हणून शालेय व्यवस्थापनावरची पुस्तके आणून वाचू लागले. एका पुस्तकात दैनंदिनीची कल्पना होती. प्रत्येक शिक्षकाने रोज सहा रकान्यांची वही भरायची. मला ती इतकी आवडली की पुढच्याच सोमवारी मी वह्या वाटल्या. सभेत गणिताचे सर उठून म्हणाले, ‘बाई, दीडच्या बसने मुले जातात. तोवर मला त्यांच्याशी बोलायचे असते. ही वही कधी भरू?’ सर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना साधे उत्तर देण्याऐवजी मी पुस्तक उघडले आणि बदलाला विरोध करणाऱ्या माणसांविषयीचा परिच्छेद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. सर खाली बसले. त्यानंतर ते सभेत बोलले नाहीत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतली एक मुलगी शाळेत आलीच नाही. मी चौकशी केली तेव्हा कळले की आई अंथरुणाला खिळली होती आणि धाकट्या भावंडांचे सगळे तिच्यावर पडले होते. सरांना हे दोन महिने ठाऊक होते. ती उपाशी येते हे त्यांच्या लक्षात आले होते, आणि मधल्या सुट्टीत ते तिला पाव आणून देत. वहीच्या सहा रकान्यांत हे लिहायला जागा नव्हती, आणि माझ्याकडे येऊन सांगायची वाट मीच त्या सोमवारी बंद केली होती. वेळेवर कळले असते तर पंचायतीत जाऊन, तिच्या मामाला गाठून काहीतरी करता आले असते. मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. ती आता पन्नाशीला आली असेल. वाळपईच्या बाजारात गेले की आजही माझी नजर तिला शोधते.

म्हणून नानांचे वाक्य वाचून मी थांबले. दोन कार्टन दिसली तेव्हा नानांपुढे दोन वाटा होत्या. सांगायचे आणि भाषण ऐकायचे, किंवा भंगारात टाकायची आणि घरी जायचे. त्यांनी दुसरी निवडली. औषधाच्या कारखान्यात ते चूकच, आणि तसे त्यांना सांगायलाही हवे. पण ती वाट त्यांना सोपी का वाटली, याचे उत्तर तुझ्याकडे आहे.

१९९० च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास करत होत्या. औषधे देताना कुठल्या तुकडीच्या हातून किती चुका होतात, हे त्या मोजत होत्या. जिथे आपसांतला मेळ चांगला, प्रमुख चांगला, तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे आले ते उलटे. चांगल्या तुकड्यांतच जास्त चुका दिसत होत्या. मग खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या तुकड्यांत चुका जास्त होत होत्या असे म्हणायला आधार नव्हता. तिथली माणसे चुका बोलून दाखवत होती. इतर तुकड्यांत त्या झाकल्या जात होत्या. हा निबंध १९९६ चा. पुढे सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात या विषयावर पुष्कळ बोलले गेले, तुझ्या ४३ पुस्तकांपैकी काहींत तो आलाही असेल. तुझ्या लाइनवर महिन्याला एकही डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीतली चूक, नोंदले जात नसेल तर त्या कोऱ्या कागदाचा अभिमान धरू नकोस. आधी नानांकडे बघ.

आता तुझ्या वाचनाकडे येते. ४३ पुस्तके म्हणजे साधारण आठवड्याला एक. रेघ मारली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, पुढचे पुस्तक घेतले. यात तुझ्या मनात काय उरले? परीक्षा घ्यायची असेल तर सोपी आहे. चार महिन्यांपूर्वी वाचलेले कुठलेही एक पुस्तक आठव आणि न उघडता त्यातले पानभर लिहून काढ. जमले नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, बहुतेकांना जमत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला चांगले लक्षात राहील याचा भरवसा चार वेळा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. तुझ्या वयाची मुले रेघा मारून जे समाधान मिळवतात ते बरेचसे या जातीचे. माझ्या आजोबांच्या पिढीत एकच पोथी आयुष्यभर वाचत. दर श्रावणात तीच पोथी, तेच अध्याय. अनेक वर्षे मला ते अडाणीपणाचे वाटायचे. आता वाटत नाही.

वेगाविषयी आणखी एक. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये ४९ वर्षे गेली. या काळात बाबासाहेबांनी हजारो पुस्तके वाचली, पुस्तकांसाठी मुंबईत राजगृह बांधले. पण एक पुस्तक मनात इतकी वर्षे राहू देणे, त्याच्याशी वाद घालणे, पुन्हा त्याच्याकडे येणे, हे आठवड्याला एक पुस्तक संपवणाऱ्याला जमणार नाही.

यशाची पुस्तके वाचताना एक सावधपणा ठेव. २००१ साली आलेल्या एका गाजलेल्या पुस्तकात जिम कॉलिन्स यांनी ११ कंपन्या निवडल्या. ‘बऱ्या’ होत्या त्या ‘थोर’ कशा झाल्या, हे त्यांच्या प्रमुखांच्या गुणांवरून त्यांनी समजावले. पुस्तक कष्टाने लिहिलेले आहे, त्यातली खिडकी आणि आरशाची गोष्ट मलाही आवडते. यश आले की खिडकीतून बाहेर बघून इतरांना श्रेय द्यावे, अपयश आले की आरशात बघावे. पण त्या ११ पैकी सर्किट सिटी ही कंपनी २००८ साली दिवाळखोरीत गेली, आणि फॅनी मे ही गृहकर्जांच्या व्यवहारातली कंपनी त्याच वर्षी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. गुण खोटे होते असे मी म्हणत नाही. गोष्ट अर्ध्यावर असताना लिहिली गेली, एवढेच. जिंकलेल्या माणसाला ‘कसे जिंकलात’ विचारले की तो जे सांगतो त्यात नशीब, वेळ आणि मागे राबणारे हात फारसे येत नाहीत.

या मागच्या हातांविषयी मला तुझ्याशी खरे बोलायचे आहे.

तू जी ४३ पुस्तके वाचलीस ती, तुझ्या पत्रावरून दिसते त्याप्रमाणे, सगळी पुढे चालणाऱ्या माणसाच्या नजरेतून लिहिलेली आहेत. माणसांना कसे प्रेरित करावे, कसे वळवावे, कसे घडवावे. ज्याला प्रेरित केले जात आहे, वळवले जात आहे, त्याला त्या वेळी काय वाटते? नाना त्या पुस्तकांत कुठे बोलतात का? तुझी बायको बोलते का?

आपल्याच मातीतले एक उदाहरण घे. वास्कोच्या वाटेवर सांखवाळ लागते. तिथे १८७६ साली धर्मानंद कोसंबी जन्मले. शिक्षण धड झाले नाही, घरच्या नारळांची बाग सांभाळत होते. ‘बालबोधमेवा’ हे लहान मुलांचे मासिक, त्यात बुद्धावरचा लेख त्यांच्या वाचनात आला. त्या थोड्या पानांनी या माणसाचे आयुष्य वळवले. संस्कृत शिकायला आधी पुणे, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी अभ्यास केला. पुढे नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश आणि शेवटी हार्वर्ड. पाली भाषेचा अभ्यास आपल्याकडे रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या रांगेत आहे. वाचलेले अंगी कसे लागते याचा याहून मोठा दाखला मला गोव्यात माहीत नाही. मासिकातला लेख वाचून त्यांनी कुणाला उपदेश केला नाही. आपल्याला काही येत नाही हे मान्य करून ते वयाच्या तेविसाव्या वर्षी विद्यार्थी झाले, लहान मुलांच्या ओळीत बसायची तयारी ठेवून.

पण १८९९ साली त्यांनी घर सोडले तेव्हा घरी तान्ही मुलगी होती आणि बायको होती, बाळाबाई. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली? धर्मानंदांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. मराठीतल्या फार प्रामाणिक पुस्तकांपैकी ते एक. आपला दुबळेपणा, आपली उदासी, काही त्यांनी लपवलेले नाही. मी ते चार वेळा वाचले आहे. तरुणपणी वाचले तेव्हा मी धर्मानंदांबरोबर काशीला चालत होते. साठीनंतर वाचले तेव्हा माझे निम्मे लक्ष मागे सांखवाळात राहिले. बाळाबाईंनी निवेदन लिहिलेले नाही.

गांधीजींचेही तसेच. १९०४ साली जोहान्सबर्गच्या स्टेशनावर हेन्री पोलाक या मित्राने प्रवासात वाचायला म्हणून जॉन रस्किनचे ‘अन्टू धिस लास्ट’ त्यांच्या हातात दिले. डर्बनपर्यंतचा २४ तासांचा प्रवास, पुस्तक खाली ठेववेना, रात्री झोप आली नाही. त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली. त्यांच्या साप्ताहिकाचा छापखाना शेतावर गेला आणि सगळ्यांना सारखेच, महिना तीन पौंड वेतन ठरले, मग तो कुठल्याही वर्णाचा वा देशाचा असो. नियम केला तो स्वतःलाही लागू केला, हे ध्यानात घे. हीच गोष्ट लोक आवडीने सांगतात. मला मात्र त्याच आत्मकथेतला सहा वर्षे आधीचा, डर्बनचा प्रसंग अधिक शिकवून गेला. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचे मूत्रपात्र कस्तुरबांनी उचलावे, आणि तेही हसतमुखाने उचलावे, असा गांधीजींचा हट्ट. बा उचलत होत्या, पण डोळ्यांतून पाणी वाहत होते. गांधीजी संतापले आणि हाताला धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या मुलखात मी जाऊ कुठे, असे बांनी विचारले तेव्हा ते भानावर आले. हे सगळे गांधीजींनी स्वतः लिहून ठेवले आहे, स्वतःला सूट न देता. विचार चांगला होता. समतेचाच होता. तो दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला, आणि वर हसायलाही सांगितले, तेव्हा काय झाले ते बघ.

तुझ्या सकाळच्या संदेशांत हेच घडते आहे, फार लहान प्रमाणावर. सहाच्या बसला उभा असलेला माणूस, रात्री मुलाच्या तापाने जागलेला, मोबाइल उघडतो आणि त्याच्या साहेबाने त्याला सांगितलेले असते की सकाळ उत्साहाने सुरू करा. विचार चुकीचा नाही. पण साहेबाने लिहिलेला असतो, म्हणून त्याला खाली अंगठ्याची खूण टाकावी लागते.

तेव्हा उद्यापासून ते संदेश बंद कर. बंद करतो आहे असा संदेशही टाकू नकोस. नुसते थांब. ग्रुपवर शिफ्टचे बदल आणि बसची वेळ, एवढेच राहू दे.

शिफ्टच्या सुरुवातीची पाच मिनिटे मात्र सोडू नकोस, ती मोलाची आहेत. फक्त बोलायचे त्यांनी. काल मशीन कुठे अडले, फॉइल कुठे सरकले, कुणाला आज लवकर जायचे आहे. पहिले काही दिवस कुणी बोलणार नाही. ती शांतता सहन कर, पुस्तकातल्या वाक्याने ती भरू नकोस. कुणी चूक सांगितली तर पहिला शब्द ‘बरे झाले सांगितलेस’ असू दे, आणि ‘पण’ हा शब्द त्याच्या मागोमाग येऊ देऊ नकोस. नोंद करायची ती कर, क्यूएला कळवायचे ते कळव, नियमात तसूभर ढिलाई नको. औषध कुणाच्या तरी घरातल्या आजारी माणसाच्या तोंडात जाणार आहे. पण नोंद ही शिक्षा वाटता कामा नये, आणि ते तुझ्या आवाजावर ठरते.

नानांकडे एकट्याने जा. कँटीनमध्ये नको, सगळ्यांदेखत नको. शिफ्ट सुटल्यावर गेटपर्यंत बरोबर चाल. तुमच्या लाइनवर कोंकणी चालत असणार, तर कोंकणीतच बोल. ‘हांव चुकलों’ हे दोन शब्द पुरेत. मराठीत किंवा इंग्रजीत क्षमा मागायला गेलास तर ती पुन्हा पुस्तकातून आल्यासारखी वाटेल. त्यानंतर कार्टनांविषयीही बोल, की ते लपवायला नको होते. पण आधी आपले, मग त्यांचे. आणि त्यांना एक विचार. या लाइनवर इतकी वर्षे झाली, सुपरवायझर किती आले आणि गेले, त्यांत कुणाच्या हाताखाली काम करायला बरे वाटले, आणि का? उत्तर मिळाले तर घरी येऊन न विसरता लिहून ठेव. ते तुझे ४४ वे पुस्तक समज.

मी गणिताच्या सरांच्या घरी गेले होते. मार्च महिना, अंगणात काजूची बोंडे पडलेली, सर ती गोळा करत होते. मी उभ्यानेच माफी मागितली. सर काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने चहा आणला, आम्ही पावसाच्या आणि काजूच्या भावाच्या गोष्टी केल्या आणि मी परत आले. पुढच्या सभेत मी वह्या मागे घेतल्या. सर गप्पच. त्याच्या पुढच्या सभेतही गप्प. तिसऱ्या सभेत त्यांनी हात वर केला आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ आठवडाभर बंद आहे, एवढेच सांगितले. घरी आल्यावर मी नवऱ्याला ही बातमी अशी सांगितली की जणू शाळेचा निकाल शंभर टक्के लागला.

बायकोविषयी तू एकच ओळ लिहिलीस, आणि माझ्या मते पत्रातली ती सगळ्यात जड ओळ आहे. तिला ‘आज काय केलेस?’ हा प्रश्न तंत्र म्हणून विचारू नकोस. तिला लगेच कळेल. त्यापेक्षा दोघे मिळून एक पुस्तक वाचा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. रोज रात्री पाच-सहा पाने, एकाने मोठ्याने वाचायची. बहुतेक तिने वाचावीत आणि तू ऐकावीस. रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी, मोठ्या मनाचे, ध्येयासाठी घरदार उधळून देणारे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंना ते आधी सांगितले नव्हते, वार्ता नंतर कानावर आली. त्या धक्क्यातून ही शाळेत न गेलेली बाई कशी उभी राहिली, नवऱ्यावर रागावत, त्याच्यावर प्रेम करत, त्याच्या वेडेपणाला हसत स्वतःच्या पायांवर कशी आली, हे तिने आपल्या भाषेत सांगितले आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ शेवटी तिनेच पूर्ण केले. ध्येयवादी माणसाच्या मागून चालताना रस्ता कसा दिसतो, हे मराठीत एवढे लख्ख कुणी लिहिलेले मला माहीत नाही. सुपरवायझरला हे पुस्तक कुणी सुचवत नाही. मी सुचवते आहे. तिला कुठे हसू येते आणि कुठे ती वाचता वाचता थांबते, याकडे लक्ष दे.

मग दोन महिन्यांनी ‘निवेदन’ घे. पुस्तके विकत घ्यायची गरज नाही. पणजीला पाटोवर संस्कृती भवनात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली पोर्तुगीज काळात सुरू झालेली ही संस्था, आता कृष्णदास शामा यांच्या नावाने चालते. बसस्टँडपासून चालत जाता येते. तुझ्या सुट्टीच्या दिवशी दोघे जा. सभासद हो, तिलाही कर. मराठी विभागात आत्मचरित्रांच्या कपाटापुढे निवांत उभा राहा. यादी घेऊन जाऊ नकोस.

वाचायची पद्धतही थोडी बदल. एक प्रकरण झाले की पुस्तक मिट आणि न बघता चार ओळी लिही. त्याखाली एक प्रश्न लिही: यातले काय मला लागू आहे? लाइनवरच्या माणसांना काय लागू आहे, हे लिहायची परवानगी स्वतःला देऊ नकोस, निदान वर्षभर. एखादी गोष्ट पटली तर ती महिनाभर कुणाला न सांगता करून बघ. समज, मध्येच न तोडता ऐकायचे ठरवलेस, तर ते कुणाजवळ जाहीर करू नकोस. महिन्याने कुणाच्या लक्षात आले तर आले. नाही आले तर अजून महिनाभर कर.

‘पुस्तकी पात्रांव’ या नावाचे दुःख करू नकोस. आपल्याकडे नाव ठेवतात ते ज्याच्याशी अजून नाते आहे त्याला. ज्याला मनातून टाकला त्याला नाव कोण ठेवतो? ते नाव तुझ्या कानावर यावे अशी व्यवस्थाही त्यांच्यापैकीच कुणीतरी केली असेल. आणि तुझे वाचन त्यांना नकोच आहे असेही नाही. एखाद्याचा मुलगा दहावीला असेल, त्याला कुठले पुस्तक द्यावे हे विचारायला तो तुझ्याकडेच येईल. त्या दिवशी मनापासून सांग.

मला पुन्हा पत्र लिही, मी वाट बघेन. किती पुस्तके झाली ते लिहू नकोस. नाना पहिल्यांदा स्वतःहून तुझ्याजवळ आले आणि लाइनवरचे काहीतरी बारीकसे, एखाद्या सैल झालेल्या स्क्रूसारखे, सांगून गेले, की त्या दिवशी लिही.

तुझी,
बाई